गरजेपोटी केलेली जादू

विनायकराव केळस्कर नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले त्याला चार वर्षे दोन महिने झाले होते, आणि या संपूर्ण कालावधीत त्यांना कोणीही, कोणत्याही विषयावर, काहीही विचारले नव्हते. पत्नी आशालताबाई विचारत, पण ते बहुतेक दूध उतू गेले तेव्हा तुम्ही कुठे होतात, या स्वरूपाचे असे. त्यामुळे एका रविवारी सकाळी सत्यजीत नावाच्या मुलाने मान वर करून, "काका, जादूवर कायद्याने नियंत्रण कसं आणायचं?" असे विचारले, तेव्हा विनायकरावांच्या हातातल्या पेपरची आपोआप घडी झाली.

प्रश्न विचारला गेला ते ठिकाण म्हणजे नवीन पनवेलातल्या त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटची गॅलरी. गॅलरी आपली नावाला. तिला सरकत्या काचा होत्या, जाळी होती, पंखा होता, आणि मधोमध सहा खुर्च्यांचे टेबल होते. या टेबलावर दर रविवारी दहा ते एक पुतणी ऋचा आणि तिचे कॉलेजातले दोघे मित्र एक खेळ खेळत. खेळाला पट नाही, पत्ते नाहीत. सत्यजीत गोष्ट सांगायचा, बाकीचे आपापले पात्र काय करते ते बोलायचे, आणि जमले की फसले हे वीस बाजूंचा एक फासा ठरवायचा, आकडा मोठा तितके बरे. ऋचाचे पात्र मोर्वेना नावाची वैदीण होती. जासईच्या निकेशचे पात्र झोरान नावाचा जादूगार होता. राज्याचे नाव ड्रॅकमोर.

तक्रार झोरानबद्दल होती. कुलूप अडले की हा मंत्र टाकी, नदी आडवी आली की मंत्र टाकी. मागच्या रविवारी तर त्याने नाक्यावर अडवणाऱ्या शिपायाचा बेडूक केला होता.

"शिपायाचा?" विनायकराव उठून टेबलाजवळ आले. "कायम की हंगामी?"

"बेडूक कायमचा, काका," निकेश म्हणाला.

"बेडूक नाही रे, शिपाई. सेवापुस्तकात काय नोंद केलीत? बेडूक असतानाचा काळ कर्तव्यकाळ धरायचा की असाधारण रजा? उद्या तो पेन्शनीला आला म्हणजे?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिले. इतकी वर्षे गोष्ट सांगूनही सत्यजीतच्या डोक्यात हा मुद्दा आला नव्हता. त्याने चौथी खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाला, "काका, तुम्हीच बसा ना."

विनायकराव बसले. हे इथेच स्पष्ट सांगून टाकलेले बरे की त्यांना त्या क्षणी अतिशय आनंद झाला. कचेरीतून निरोपाचा नारळ घेऊन बाहेर पडल्यापासून त्यांना कोणी खुर्ची दिली नव्हती.

पुढच्या आठवड्यात घरात दूध तीनदा उतू गेले. शनिवारी संध्याकाळी 'ड्रॅकमोर जादू (विनियमन, नियंत्रण व अनुषंगिक बाबी) अधिनियम' तयार झाला. एकूण एकतीस नियम, सहा नमुने, दोन परिशिष्टे. मंत्रोच्चारापूर्वी परवानगी आवश्यक. अग्निमंत्रासाठी शेजारच्या चार घरांची ना हरकत. ज्याच्यावर मंत्र टाकायचा तो इसम बाधित समजून त्याला सात दिवसांची नोटीस. श्वासोच्छ्वास, शिंक, जांभई इत्यादी नैसर्गिक क्रिया नियम तीननुसार वगळलेल्या, कारण उगाच कोणाची अडवणूक होऊ नये. मेलेल्याला उठवण्याच्या मंत्रावर विनायकराव दोन दिवस अडले होते. तालुक्याच्या कचेरीत त्यांनी जिवंत माणसे कागदावर मेलेली पाहिली होती आणि मेलेल्यांचे अंगठे उमटलेले पाहिले होते. तेव्हा नियम सत्तावीस त्यांनी कडक केला. मयताच्या मर्जीविरुद्ध कोणी त्याला उठवू नये म्हणून अर्ज मयताने स्वतः, समक्ष हजर राहून करायचा आणि सोबत हयातीचा दाखला जोडायचा.

"वाचून दाखवू?" त्यांनी आशालताबाईंना विचारले.

"ड्रॅकमोरला पाठवा, त्यांना गरज आहे," त्या भेंडी चिरत म्हणाल्या.

मुलांना मात्र कायदा फार आवडला. त्यांनी विनायकरावांना राज्याचा मंत्रनियंत्रक नेमले. पहिल्या रविवारी झोरानने अंधाऱ्या गुहेत उजेडाचा मंत्र टाकण्यासाठी नमुना 'ब' भरायला घेतला आणि अंधारामुळे त्याला तो वाचता येईना. अर्ज वाचण्यापुरता उजेड पाडायलाही स्वतंत्र अर्ज होता. शेवटी मेणबत्ती आणायला झोरान आणि मोर्वेना गावात परत गेले आणि खेळाची वेळ संपली. सगळे हसून हसून लोटपोट झाले. विनायकराव हसले नाहीत. त्यांनी आवक नोंदवहीत क्रमांक टाकला. दुसऱ्या रविवारी एकूण एक मंत्र झाला, दाढदुखीवरचा, आणि तोही त्रुटीपूर्ततेनंतर. "प्रगती आहे," विनायकराव म्हणाले. त्यांनी गावांची नावेही रीतसर करून घेतली. नकाशात नुसते थॉर्नवेल होते, तिथे आता मौजे थॉर्नवेल बुद्रुक आणि थॉर्नवेल खुर्द झाले.

तिसऱ्या रविवारी थॉर्नवेल बुद्रुकवर ड्रॅगन आला.

"आकाश लाल झालंय," सत्यजीत आवाज खाली आणून म्हणाला. "गवताची छपरं पेटलीयत. लोक विहिरीकडे पळतायत."

"मी बर्फाचा मंत्र टाकतो," निकेशने फासा उचलला.

"परवानगी?" विनायकराव म्हणाले.

"काका, गाव जळतंय!"

"म्हणूनच म्हणतो. घाईत चुका होतात. ड्रॅगन हा बाधित इसम आहे, त्याला सात दिवसांची नोटीस हवी. समक्ष घेतली नाही तर गुहेच्या दर्शनी भागावर डकवून दोन पंचांसमक्ष पंचनामा करायचा."

निकेशने तेही केले, मुलगा मुळात गुणी. नोटीस डकवली. पंचनाम्यावर मात्र एकाच पंचाची सही आली, कारण दुसऱ्या पंचाला ड्रॅगनने खाल्ले. एका सहीचा पंचनामा चालत नाही. मग ड्रॅगनवरच कारवाई करा, असे सत्यजीतने सुचवून पाहिले. विनायकरावांनी नियम काढून दाखवला. ड्रॅगनच्या तोंडून येणारी आग ही जादू नसून त्याचा श्वासोच्छ्वास होता, आणि श्वासोच्छ्वास नियम तीनखाली वगळलेला. सबंध ड्रॅकमोरमध्ये ज्याचे कागद पूर्ण होते असा तो एकटाच निघाला.

ऋचाच्या मोर्वेनाला भाजलेल्या माणसांना मंत्राने बरे करता येत होते, पण दर रुग्णामागे नमुना 'ड' दोन प्रतींत लागत होता.

"मोर्वेना मंत्र टाकत नाही," ती म्हणाली. "ती तशीच आत शिरते. हाताने पोरांना बाहेर काढते."

"फासा टाक," सत्यजीत म्हणाला.

एक पडला. वीस बाजूंच्या फाशावर एक पडणे म्हणजे काय ते सांगायला लागू नये. सत्यजीतने मोर्वेनाच्या अंगावर तुळई कशी कोसळली ते शक्य तितक्या हळू सांगितले. ऋचाने आपल्या पात्राचा कागद उलटा करून ठेवला, आत गेली आणि खोलीचे दार लावून घेतले.

अडीच वर्षांपूर्वी ती चिपळूणहून शिकायला काकाकडे आली तेव्हा महिनाभर जेवणापुरतीही धड बोलत नव्हती. कॉलेजात ओळख नाही, सोसायटीत ओळख नाही. मग कुणीतरी तिला हा खेळ शिकवला आणि तिने मोर्वेना तयार केली, धीट, बडबडी, कोणाच्याही घरात शिरून नाडी पाहणारी. मोर्वेनाच्या तोंडून बोलता बोलता ऋचा बोलायला लागली होती. विनायकरावांना हे सगळे माहीत होते. म्हणून ते उठून त्या दारापर्यंत गेले आणि न ठोठावता परत येऊन बसले.

"झोरानला उठवण्याचा मंत्र येतो," निकेश हळूच म्हणाला. "खेळातल्या तीन दिवसांच्या आत टाकायला लागतो. म्हणजे पुढच्या रविवारी. नाय तर ती गेलीच."

"नियम सत्तावीस," विनायकराव म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या नियमाचा क्रमांक उच्चारताना त्यांचा आवाज चिरकला.

तो आठवडा वाईट गेला. ऋचा जेवायला यायची, मान खाली घालून जेवायची. गुरुवारी तिने सांगून टाकले की मोर्वेना उठली नाही तर ती खेळणार नाही. तिच्याशिवाय बाकीचे दोघेही येणार नाहीत. विनायकरावांनी रिकामे टेबल पाहिले, आपली खुर्ची पाहिली आणि कायदा पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतला. पळवाट सापडेना. कशी सापडणार? चौतीस वर्षे लोकांनी शोधलेल्या सगळ्या पळवाटा आठवून आठवून त्यांनी स्वतःच बुजवल्या होत्या. दुरुस्ती करावी तर तिचा मसुदा प्रसिद्ध करून हरकतींसाठी तीस दिवस द्यावे लागत. सत्यजीतने फोनवर सांगून पाहिले, "काका, नियम तुमचेच आहेत, आपण सोडून देऊ ना!" विनायकराव म्हणाले, "माझे कसे? ते आता राज्याचे आहेत."

रविवारी चौघे टेबलाभोवती बसले. ऋचाचा कागद उलटाच होता. विनायकराव तिच्याकडे बघत नव्हते. इतक्यात निकेशचे वडील काशीराम आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, गळ्यात जाड साखळी. चिरनेरला भाचीची हळद होती आणि पोराला वेळेवर घेऊन जायचे होते. आशालताबाईंनी चहा दिला, तो घेऊन ते गॅलरीतच टेकले.

"काय मयत झालंय का कोण?" त्यांनी चेहरे पाहून विचारले.

निकेशने सांगितले. काशीरामांनी ड्रॅगन, फासा, नोटीस, पंच सगळे शांतपणे ऐकून घेतले. कुठे थांबवले नाही, कुठे हसले नाहीत. जमीन संपादनाच्या कागदांत तीस वर्षे काढलेल्या माणसाला यात चकित होण्यासारखे काही नव्हते.

"म्हंजे मेलेल्या बाईनं सोता येऊन अर्ज कराचा."

"हो," विनायकराव म्हणाले.

"आन जिती हाय असा दाखला लावाचा."

"हो."

"सायेब, मंग सोपा हाय. पयले तिला उठवा. उठली का तीच येल अर्ज कराला. दाखला पन तिलाच भेटल. जितीच हाय ना तवा!"

विनायकरावांनी नियम सत्तावीस पुन्हा काढून वाचला. त्यांनी कायदा सगळीकडून शिवला होता. पण अर्जाच्या आधीच काम उरकून घेणारा माणूस त्यांनी गृहीतच धरला नव्हता.

"पण ते अनधिकृत होईल, काशीरामशेठ. आधी परवानगी, मग काम."

"आमचे गावान यवडी घरा हायती, एक तरी परवानगी मागून बांदलंय का? जमिनी नव्या शेराला गेल्या. गावठान हाय तवडंच हाय. पोरगा लग्नाचा झाला, त्याला काय सांगाचं, थांब बाबा, कागद येऊ दे? कागद येईपरेन त्याचा पोरगा लग्नाचा होल." त्यांनी बशीतला चहा संपवला. "बांदली. मंग मोर्चं झालं, अर्ज झालं, बैठका झाल्या. आता सगली बोलतात, नियमित करू. त्याला नाव पन हाय. गरजेपोटी. आमी चोर नाय, सायेब. आमाला गरज व्हती."

"गावाची गोष्ट वेगळी," विनायकराव ताठ बसून म्हणाले. "तुमच्यावर अन्याय झाला होता. पण म्हणून सुशिक्षित माणसाने नियम डावलून..."

"अहो," आशालताबाई दारातून म्हणाल्या, "तुम्ही बसलायत कुठे?"

"कुठे म्हणजे? गॅलरीत."

"गॅलरी उघडी असते. ही बंद कधी केलीत?"

विनायकरावांनी काचांकडे पाहिले. ऋचा आली त्या जूनमध्ये केली होती. पोरीला अभ्यासाला जागा नव्हती, एका रविवारी माणूस बोलावला आणि संध्याकाळी काचा बसल्या. नकाशात तिथे अजून मोकळा सज्जा होता. परवानगीचा अर्ज त्यांनी नंतर लिहून काढला होता, फार व्यवस्थित लिहिला होता, आणि तो कपाटात होता. द्यायचा राहिला होता.

"तिला टेबल पाहिजे होतं," ते पुटपुटले.

"मंग गरजच ना," काशीराम म्हणाले.

विनायकरावांनी ऋचाकडे पाहिले. ती त्यांच्याकडेच बघत होती. त्यांनी कोरा कागद ओढला, समास आखला आणि एकटाकी परिपत्रक लिहिले. विषय: गरजेपोटी केलेली जादू नियमित करण्याबाबत. ज्या जादूगारांनी निकडीपोटी विनापरवाना मंत्रोच्चार केला असेल, त्यांची जादू खास बाब म्हणून नियमित करण्यात येत आहे. आजच्या तारखेपर्यंतच्या जादूस लागू. सही केली, घरात शिक्का नव्हता म्हणून वाटी उपडी ठेवून गोल काढला.

"टाक," ते निकेशला म्हणाले.

अठरा पडले. मोर्वेना राखेतून उठली, खोकली, आणि सगळ्यात आधी स्वतःला उठवण्याच्या परवानगीचा नमुना 'ई' भरायला बसली. ऋचा खो खो हसत काकांच्या गळ्यात पडली. विनायकरावांचे डोळे भरून आले, ते त्यांनी चष्मा पुसायच्या निमित्ताने पुसून घेतले. काशीरामांनी घड्याळ दाखवून पोराला उठवले आणि हळदीला नेले.

इथे गोष्ट संपती तर बरे झाले असते. पण परिपत्रक निघाले की ते वाचणारेही निघतात. पुढच्या रविवारी सत्यजीतने अर्जांचा गठ्ठा समोर ठेवला. झोरानने जाळलेल्या दोन खानावळी गरजेपोटी होत्या. शिपायाचा बेडूकही गरजेपोटी होता; शिपायाने स्वतःच ना हरकत दिली, कारण बेडूक झाल्यापासून त्याची बदली कोणी मागितली नव्हती. आजच्या तारखेपर्यंतची मुदत आणखी एका महिन्याने वाढवावी अशी निवेदने आली, ती वाढवली. मग महोत्सवानिमित्त वाढवली. मग वाढवण्याची सवय झाली म्हणून वाढवली.

शेवटचा अर्ज ड्रॅगनचा होता. सुवाच्य अक्षर, दोन प्रती, सोबत पंचनामा. आग नियम तीनखाली वगळलेली असली तरी जळीत वगळलेले नाही; अर्जदारास भूक लागली असल्याने त्याने थॉर्नवेल बुद्रुक गरजेपोटी जाळले आहे, तरी ते नियमित व्हावे.

"हे नाही करायचं!" ऋचा ओरडली. "काका, लोक मेलेत तिथे!"

"त्यांच्या हरकती आल्या का?"

"ते मेलेत!"

"म्हणजे मुदतीत हरकत प्राप्त नाही," विनायकराव म्हणाले. आवाजात पूर्वीचा भारदस्तपणा परत आला होता. "आणि त्याचं नाकारायचं तर कोणत्या तोंडाने? मोर्वेनाचं केलंय. एकाला एक, दुसऱ्याला एक, असं करता येत नाही, बाळा."

मोर्वेना टेबलावरच होती, जिवंत, त्यामुळे ऋचाला पुढे बोलता येईना. ड्रॅगनचे गाव नियमित झाले. महिनाअखेर विनायकरावांनी अहवाल लिहिला की ड्रॅकमोर राज्यात आजमितीस अनधिकृत जादूचे एकही प्रकरण शिल्लक नाही, सबब अधिनियम पूर्णतः यशस्वी झाला आहे. मुलांनी टाळ्या वाजवल्या. खेळ छान चालू होता, टेबल भरलेले होते, आणि चौथी खुर्ची आता कोणी सरकवायची गरज नव्हती. ती त्यांचीच होती.

त्याच सुमारास सोसायटीचे सचिव चारुदत्त एक फॉर्म घेऊन आले. इमारतीची तपासणी होती, प्रत्येक घराची माहिती हवी होती. ते गॅलरीत आले, पंख्याखाली बसले, बंद काचेला पाठ टेकवली. विनायकरावांनी फासा बाजूला केला आणि फॉर्म वाचला. रकाना नऊ: मूळ मंजूर नकाशाबाहेर काही फेरफार अथवा बांधकाम केले आहे काय? असल्यास तपशील.

त्यांनी पेनाचे टोपण काढले आणि कचेरीतल्या वळणदार अक्षरात लिहिले: निरंक.

ऋचाने ते वाचले, काकांकडे पाहिले आणि काचेकडे पाहिले. मग आपल्या पात्राचा कागद पुढे ओढला. टेबल तिच्यासाठीच आले होते.

"बरं झालं," चारुदत्त फॉर्म घडी करत म्हणाले. "अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस घरांचं निरंक आलं. इतकी नियम पाळणारी सोसायटी नवीन पनवेलात दुसरी नसेल." मग त्यांनी चहा घेतला आणि वारा येत नाही म्हणून पंखा वाढवायला सांगितला.

तुम्हाला हसू आले असेल तर जरा थांबा. हे वाचताना तुम्ही ज्या खिडकीशी बसला आहात तिची काच एकदा सरकवून बघा, आणि तिथे मूळ नकाशात काय होते ते आठवते का पाहा. कुंड्यांची जागा होती? कपडे वाळत घालायची? घाबरू नका, तुम्हालाही गरज होतीच. तो फॉर्म आज ना उद्या तुमच्याकडेही येईल. रकाना नववाच असेल, आणि तिथे लिहायचा शब्द तुम्हाला या गोष्टीच्या आधीपासून येतो.